उलटी बाजू

बाई आमच्याकडे चहाला आल्या, की चहा संपल्यावर बशी उलटी करून बघतात. कंपनीचा छाप बघायला वगैरे नाही, नुसती सवय. ३१ वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. बाईंना रुमाल दाखवायचा म्हणजे फुलं टेबलाकडे आणि पाठ वर, असा नियम होता. सुलट बाजूला काय, कुणीही चार पाकळ्या काढतं. दोरा कुठे सुरू झाला, कुठे संपला, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना आळशीपणाने लांब उडी मारली का, हे सगळं पाठीवर लिहिलेलं असतं. त्यात गाठ मारणं हा तर कॉपी करण्याच्या तोडीचा गुन्हा. दोऱ्याचं शेपूट मागच्या टाक्यांखालून सरकवून जिरवायचं. गाठ दिसली की रुमाल नापास. अशी नापास झालेली एक विद्यार्थिनी आज आमच्याच रस्त्यावर दातांची डॉक्टर आहे. बाई तिच्याकडे जात नाहीत. "उद्या टाके घालायची वेळ आली तर?" म्हणतात.

पाठ बघणारी माणसं पुण्यात पुष्कळ. पैठणी दाखवली की आधी पदराची उलटी बाजू चाचपणारी (अस्सल हातमागाची दोन्हीकडून सारखीच दिसते, त्यामुळे एवढं त्यांचं बरोबर असतं), पानात पोळी पडली की खालून करपली का ते उचलून बघणारी, 'अभिनंदन' म्हटलं की 'का बुवा?' विचारणारी. पण ही माणसं दुसऱ्यांची पाठ बघतात. बाई स्वतःचीही बघतात, आणि त्यांचं सगळं दुखणं तिथेच आहे.

बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना 'बाई' म्हणतात आणि त्यांच्या यजमानांना 'साहेब'. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. घरात पाणी त्यांच्याकडे आणि उरलेलं सगळं बाईंकडे, अशी खातेवाटणी आहे. साहेब टाकी भरतात, फिल्टर धुतात, पाहुण्यांना पाणी आणून देतात आणि गॅलरीतल्या तुळशीला घालतात. ही तुळस म्हणजे त्या घरातलं एकमेव जिवंत झाड. बाकीची येऊन गेली. जास्वंद, मोगरा, कढीलिंब, सगळी. बाईंच्या हाताला झाड लागत नाही असं लोक म्हणायचे. खरा प्रकार मला ठाऊक आहे. रोप लावलं की चौथ्या दिवशी बाई ते अलगद उपटून बघायच्या, मूळ धरलं का. धरलेलं असलं की खूश होऊन परत लावायच्या. मग आठव्या दिवशी पुन्हा, मूळ किती वाढलं ते बघायला. अशा तीन-चार उलटतपासण्या झाल्या की रोप मान टाकायचं. तुळस उपटून बघायची मात्र त्यांची टाप नव्हती. म्हणून ती जगली.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात त्यांच्याकडे नवं वॉशिंग मशीन आलं आणि त्यात साहेबांचा स्वेटर गेला. हा स्वेटर साधासुधा नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत बाईंनी तो स्वतः विणलेला, शेवाळी हिरवा. उजनीच्या कालव्यावर रात्री-अपरात्री पाणी सोडायला जाताना साहेब तो घालत. मशीनचं बटण गरम पाण्यावर होतं. बाहेर आलं ते सहा महिन्यांच्या बाळाच्या मापाचं काहीतरी. जाड, घट्ट, पुठ्ठ्यासारखं. साहेबांनी बाहीत हात घालून पाहिला. तीन बोटं गेली. "आकुंचन पावलाय," असा शेरा मारून ते पाणी भरायला गेले.

लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे बारीक खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की हे खवले एकमेकांत अडकतात, आणि मग भावकीतल्या जमिनीसारखं ते प्रकरण पुन्हा सुटत नाही. त्यालाच फेल्ट म्हणायचं. आपल्याकडचा बुरणूसही याच जातीचा, लोकर न विणता नुसती दाबून केलेला. बाईंना हे सगळं पुस्तकात वाचून माहीत होतं, पण हातात कधी आलं नव्हतं. त्यांनी रागारागाने कात्री घेतली, बाही खांद्यापाशी कापली आणि थबकल्या. कापलेल्या कडेचा एकही धागा सुटला नव्हता. त्यांनी ओढून पाहिलं, नखाने उकरून पाहिलं. उभा धागाच नाही, आडवा धागाच नाही, तर उसवणार काय? ३१ वर्षं उसवणाऱ्या कडांशी झगडलेल्या बाईंना त्या क्षणी काय वाटलं असेल, ते सांगायला संतकवीच पाहिजे. संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्या नुसती बाही हातात घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "अरे, ह्याला दुमडच घालावी लागत नाही!" डोळ्यांत पाणी होतं.

त्याच रात्री बाहीचं तोंड शिवलं गेलं, पोटात जुन्या उशीचा कापूस गेला, वरून पांढऱ्या दोऱ्याने आखूड-आखूड तीन-तीन टाक्यांचे काटे उमटले आणि डोक्यावर राणी रंगाचं एक फूल बसलं. मनगटाजवळच्या विणीच्या उभ्या रेघा थेट निवडुंगाच्या धारांसारख्या दिसत होत्या. कुंडी म्हणून श्रीखंडाचा डबा. पण निवडुंग उभा राहीना, डोकं जड. बुडाशी खडे घातले तर वाजायचे, वाळू घातली तर शिवणीतून गळायची. शेवटी मोहरी घातली. नातीचं डोकं गोल व्हावं म्हणून केलेली मोहरीची उशी तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. तिच्यातली अर्धा किलो मोहरी डब्यात ओतली आणि वरून माती म्हणून चॉकलेटी फेल्टची गोल चकती काजटाक्याने शिवून टाकली. निवडुंग ताठ उभा राहिला. साहेब रोज पेपर वाचताना त्याच्याकडे बघून म्हणायचे, "ती माझी डावी बाही."

मग बाई थांबल्या नाहीत. स्वेटर आठवड्यात संपला. पुढचं फेल्ट तुळशीबागेतून आणि रविवार पेठेतून यायला लागलं. ते लोकरीचं नसतं. पॉलिएस्टरचे तंतू काटेरी सुयांनी भोसकून-भोसकून एकमेकांत गुंतवलेले असतात. पण उसवत तेही नाही. रंग जुळवायला बाई खरं पान घेऊन जात. मनीप्लांटचं पान त्यांनी आमच्या बँकेच्या शाखेतल्या कुंडीतून तोडलं आणि पासबुकात घालून दुकानात नेलं. पोपटी, पिस्ता, मेंदी, शेवाळी अशा पंधरा चवडी काउंटरवर पडल्या, तोवर पान मलूल झालं. दुकानदार शहाणा. म्हणाला, "बाई, पान बदललं, आता हा पण रंग चालेल." बाईंनी दुसऱ्या दिवशी ताजं पान नेलं. बँकेतली वेल आता खालून टक्कल पडल्यासारखी दिसते.

त्यांचं काम बघत बसणं हा माझा आवडता उद्योग. साचे लग्नपत्रिकांचे; जाड पुठ्ठा फुकट कुठे मिळतो? त्यामुळे मॉन्स्टेराच्या साच्यावर 'श्रीकृपेकरून' एवढं वाचता येतं, मनीप्लांटच्या साच्यावर 'आहेर आणू नये', आणि स्नेक प्लांटचं लांबट पातं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' अशी प्रेमळ विनंती करत असतं. प्रत्येक पान दोन थरांचं. मधे बारीक तार. थर जोडण्याआधी वरच्या थरावर शिरा काढायच्या. सहा पदरी लडीतले दोनच पदर सुईत ओवायचे, मधली शीर देठटाक्याने, फाटे उलट्या टिपेने. पहिल्या मॉन्स्टेराच्या वेळी बाई शिरांपाशी अडल्या. फाटे कडेकडून मधे आणायचे की मधून कडेकडे न्यायचे? साहेबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा कपाळावर घेतला आणि पानाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "हा मुख्य कालवा. ह्या वितरिका. ह्या लघुवितरिका. ह्या शेतचाऱ्या. पाणी मुख्याकडून टेलकडे जातं, टेलकडून मुख्याकडे नाही." साहेबांचं या उद्योगातलं हे एकमेव तांत्रिक योगदान. तेव्हापासून बाई शीर देठापासून सुरू करून कडेशी संपवतात, आणि कडेच्या शेवटच्या टोकापर्यंत दोरा पोचला नाही तर साहेब हळूच विचारतात, "टेलच्या शेतकऱ्याचं काय?"

मग काजटाका. सुई कडेपासून दोन मिलिमीटर आत घालायची, दोऱ्याचा फास सुईच्या टोकाखालून घ्यायचा आणि ओढायचं. फास सरकत येऊन बरोबर कडेवर बसतो. जास्त ओढलं की पान चुरमडतं, कमी ओढलं की कड तोंड वासून बसते. दोन टाक्यांतलं अंतर तांदळाच्या दाण्याएवढं. मॉन्स्टेराला भोकं असतात, त्यामुळे त्याला बाहेरची कड वेगळी आणि प्रत्येक भोकाची आतली कड वेगळी. एका पानाला तीन संध्याकाळी जातात. बाई त्यातही आतल्या थराची उलटी बाजू नीटस ठेवतात. शेपूट जिरवलेलं, उडी नाही, गाठ नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, ही बाजू तर दोन थरांच्या मधे गडप होणार. कुणाच्या बापाला दिसणार?" सुई न थांबवता त्या म्हणाल्या, "मला माहीत असतं ना, काय आहे ते."

गेल्या जानेवारीत त्यांनी मला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला नेलं. लोक गुलाबांपुढे फोटो काढत होते. बाई सरळ शोभेच्या पानांच्या मांडवात शिरल्या. तिथे एका कॅलाथियापुढे उभ्या राहिल्या. वरून हिरव्यावर फिकट पट्ट्यांची नक्षी, कुणी ब्रशने ओढल्यासारखी. बाईंनी पट्ट्यांकडे फारसं लक्ष दिलं नाही. हात पुढे केला आणि पान उलटं केलं. मागून ते गर्द जांभळं होतं. बाई क्षणभर काही बोलल्याच नाहीत. मग माझा दंड धरून म्हणाल्या, "बघ! अस्तर लावलंय!" सुरक्षारक्षक लांबून "हात लावू नका" म्हणत येत होता. बाईंनी त्याला सांगितलं, "हात लावत नाहीये, काम तपासतेय." पुढच्या दोन तासांत त्यांनी मांडवातली यच्चयावत पानं उलटून पाहिली. गुलाबांना त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं, "हा रंग परवापर्यंत जाणार."

एवढी झाडं ठेवायची कुठे? अर्थात शेजाऱ्यांकडे. बाईंचं झाड नाकारता येत नाही. 'आमच्याकडे ऊन येत नाही' म्हणावं तर त्याला ऊन नको, 'आम्ही गावाला जातो' म्हणावं तर त्याला पाणी नको. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी एकदा धीर करून सांगितलं, वास्तुशास्त्राप्रमाणे घरात निवडुंग चालत नाही. बाई म्हणाल्या, "हा निवडुंग नाही, पॉलिएस्टर आहे. घ्या." बी विंगमधल्या नव्या जोडप्याला त्यांनी स्नेक प्लांट दिलं, सात उभी पाती, पिवळी किनार, आडव्या गडद लाटा. बोलायलाच नको असं देखणं. पण त्यांच्या शाळकरी भाच्याने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, की इंग्रजीत याला सासूची जीभ म्हणतात. झाड त्याच रात्री सासूबाईंच्या खोलीतून सुनेच्या खोलीत गेलं, सकाळी परत सासूबाईंच्या खोलीत आलं, आणि सध्या लिफ्टजवळच्या खिडकीत आहे.

घेऊन सुटका नाही. महिन्यातून एकदा तपासणी असते. बाई साहेबांचा जुना दाढीचा ब्रश घेऊन येतात आणि पानापानावरची धूळ झटकतात. 'देखभाल नको' म्हणून जे झाड घरात आलं, त्याची पुण्यातल्या धुळीत जेवढी देखभाल करावी लागते तेवढी मी माझ्या पोटच्या पोराची केलेली नाही. खऱ्या झाडाची पानं ओल्या फडक्याने पुसता येतात. फेल्टवर ओलं फडकं फिरवलं की धूळ आत जिरून पान कायमचं मळकं. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं तर सहा महिन्यांत विटतं. आमच्याकडे चार झाडं आहेत. तपासणीच्या आदल्या रात्री मी आणि बायको हेअर ड्रायर घेऊन बसतो. एकदा बाईंनी आमचं मनीप्लांटचं पान उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "मागची धूळ नाही काढलीत." बायकोने माझ्याकडे पाहिलं. शाळेत आम्ही दोघंही अभ्यासात बरे होतो.

त्या मनीप्लांटची आणखी एक गंमत. तळमजल्यावरच्या आजी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आमच्याकडे सत्यनारायणाला आल्या होत्या. मनीप्लांट चोरून आणून लावला तरच फळतो, अशी त्यांची पक्की श्रद्धा. तीर्थप्रसाद घेऊन जाताना त्यांनी चार पानांची फांदी खुडली. तार होती, त्यामुळे जोर लावावा लागला असणार. पण एवढं चिवट म्हणजे जातिवंत, असं त्यांना वाटलं. काचेच्या बाटलीत पाणी घालून फांदी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी हिरवं झालं. आजी बिल्डिंगभर सांगत होत्या, "काय तजेला आहे हो, पाण्याला रंग चढला!" शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्यानंतर त्या आमच्याशी बोलत नाहीत.

या सगळ्यात माझाही हात आहे. मला वाचलेलं सांगायची खोड. एकदा मी बाईंना सांगितलं, की इंग्लंडात मिसेस डिलेनी नावाच्या बाईंनी १७७२ च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कापून चिकटवून हुबेहूब फुलं करायला घेतली, आणि दहाएक वर्षांत ९८५ केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मला वाटलं, बाई भारावतील. त्या म्हणाल्या, "चिकटवली? कागदावर? मग मागे काय बघणार, डिंक?" थोडा वेळ दोन-तीन टाके घातले आणि म्हणाल्या, "बहात्तर ना? मला सहासष्ट. नऊशे पंच्याऐंशी म्हणालास ना?" तेव्हापासून वेग वाढला. बिल्डिंगमधले लोक मला या गोष्टीसाठी अजून क्षमा करत नाहीत.

दुसरी चूक त्याहून मोठी. डाव्या बाहीच्या निवडुंगाला कसर लागली. पॉलिएस्टरकडे ती ढुंकून बघत नाही, अस्सल लोकर मात्र तिचं पंचपक्वान्न. बाईंनी डांबरगोळ्या ठेवल्या, तर हॉलला लग्नातल्या शालूंच्या ट्रंकेचा वास सुटला. त्यांचं मन रमवावं म्हणून मी सांगितलं, की सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात, पाझिरिक नावाच्या ठिकाणी, २००० वर्षांहून जुन्या थडग्यांत फेल्टचे हंस सापडले. अगदी पोट भरलेले, उभे. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ठेवलेत. बाईंनी सुई खाली ठेवली. "दोन हजार वर्षं? आणि कसर?"

"लागली नाही. थडग्यात पाणी शिरून त्याचा बर्फ झाला होता. सगळं गोठलेलं."

मी घरी पोचेपर्यंत निवडुंग श्रीखंडाच्या डब्यासकट फ्रीझरमध्ये गेला होता. पुढचे पंधरा दिवस त्यांच्याकडे बर्फ मागितला की आधी निवडुंग बाहेर यायचा. डाव्या बाजूला खोवलेल्या नारळाचा डबा, उजव्या बाजूला मटार, आणि मधे काट्यांवर हिमकण घेतलेली साहेबांची बाही. हे हास्यास्पद दिसत असलं तरी चूक नव्हतं. संग्रहालयंही लोकरी वस्तूंची कसर गोठवूनच मारतात. कसर गेली. निवडुंग पुन्हा हॉलमध्ये, टीव्हीशेजारी आला. डब्यातल्या मोहरीचा विचार कुणी केला नाही. करायचं कारणही नव्हतं. आणि केला असता तरी बियाण्याला त्या थंडीचं काय होणार होतं? मोठमोठ्या बीजपेढ्या बियाणं जपून ठेवतात ते उणे १८ अंशांवर. घरगुती फ्रीझरही साधारण तेवढाच.

यंदा बाई तीन आठवडे लेकीकडे बंगळूरला गेल्या. जाताना फ्रीजवर चिठ्ठी लावली. दूध, इस्त्री, गॅसचा नंबर, आणि शेवटी 'झाडांकडे लक्ष द्या'. बाईंच्या मनात दाढीचा ब्रश होता. पण खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला झाडाकडे लक्ष देण्याचा एकच अर्थ ठाऊक. साहेबांनी दिनदर्शिकेवर आवर्तनं आखली. सोमवारी खिडकीकडची, गुरुवारी टीव्हीकडची, रविवारी पॅसेजमधली. तांब्या घेऊन, एकही कुंडी न चुकवता, टेलपर्यंत. मी दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा हॉलमधल्या फरशीवर लाल, हिरवे, जांभळे ओघळ होते, आणि साहेब शांतपणे एका ऑर्किडला पाणी घालत होते.

"साहेब," मी म्हटलं, "ही कापडाची आहेत."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले. "पान खरं की खोटं, ते महसूल खात्यानं बघायचं. आपलं काम पाणी सोडणं."

बाईंची गाडी यायच्या आदल्या दिवशी रात्री साहेबांचा फोन आला. आवाज दबका. "जरा वर ये. लाभक्षेत्रात मंजूर नसलेलं पीक उभं आहे."

पॉलिएस्टरच्या झाडांतलं पाणी गळून वाळून गेलं होतं. लोकर मात्र पाणी धरून ठेवते, आणि श्रीखंडाच्या डब्याला बुडाशी भोक नसतं. निवडुंग ओलाकिच्च, थोडा उजवीकडे कललेला, राणी रंगाचं फूल उतरून गालभर पसरलेलं. त्याच्या पायाशी, चॉकलेटी चकतीच्या कडेला जिथे दोन काजटाक्यांच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट होती, तिथून एक पांढुरका देठ बाहेर आला होता. देठावर दोन पानं. टोकाशी खाच असलेली, बदामाच्या आकाराची, नखाएवढी. बाजूच्या फटीतून दुसरा डोकं काढत होता. तिसऱ्या फटीत नुसतंच हिरवं काहीतरी दिसत होतं.

"उपटू?" मी विचारलं.

"नको," साहेब म्हणाले. "पंचनामा तिला करू दे."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. आम्ही दोघं टीव्हीच्या दोन बाजूंना, नापास होणाऱ्या मुलींसारखे उभे. त्यांनी दारातूनच फरशीवरचे डाग पाहिले, झुकलेला निवडुंग पाहिला, साहेबांकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. चपला न काढता आत आल्या, पर्समधून चष्मा काढला आणि डब्यापाशी वाकल्या. वाकल्या त्या वाकल्याच. मग टाचणीच्या उशीतली बारीक सुई घेतली, तिच्या टोकाने डावीकडचं पान हळूच वर उचललं आणि मान वाकडी करून त्याची मागची बाजू बघितली. मग उजवीकडच्याची. साहेबांचा हात तांब्यावर होता.

"गाठ कुठे दिसत नाही," बाई म्हणाल्या.

आम्ही श्वास सोडला. बाईंनी सुई परत उशीत खोचली, चष्मा नाकावर सारखा केला आणि देठ दोन बोटांच्या चिमटीत धरला.

"सुरुवात कुठून केलीय, बघू जरा."

"अगं, नको!" साहेब ओरडले.

"बाई, नको!" मी ओरडलो.